कागदावरचा यंत्रमानव आणि घरातलं पोर

अँड्रॉइड म्हटलं की आपल्याला हातातला मोबाइल आठवतो. मूळ अर्थ वेगळा आहे. माणसासारखा दिसणारा, चालणारा, बोलणारा यंत्रमानव म्हणजे अँड्रॉइड. विज्ञानकथांच्या कॉमिक्समध्ये तो फार वर्षांपासून नांदतो आहे. आपल्या बालाघाटकडे तर मराठी बोलणाऱ्या घरांतही हिंदी कॉमिक्सच जास्त यायचे. नागराज आला, सुपर कमांडो ध्रुव आला, मागून इन्स्पेक्टर स्टील आला. त्याचा मेंदू माणसाचा आणि देह पोलादाचा. पोरं ते पांघरुणात लपून वाचायची आणि आपण "अभ्यास कर रे" म्हणून ओरडायचो.

आता तीच आवड मोबाइलवर गेली आहे, आणि गोष्टीही पुढं गेल्या आहेत. माणूस आणि यंत्रमानव एकमेकांच्या प्रेमात पडतात. कधी बाई आणि यंत्र, कधी दोघंही पुरुषांच्या रूपातले. जपानमध्ये १९७० च्या दशकात मोटो हागिओ, केइको ताकेमिया यांच्यासारख्या बायकांनी दोन मुलांच्या प्रेमाच्या चित्रकथा काढल्या. काढणाऱ्या बायका आणि वाचणाऱ्याही मुलीच. त्या झाडाला पुढं खूप फांद्या फुटल्या आणि त्यांतल्या एका फांदीवर यंत्रमानवही येऊन बसले.

"हे काय खूळ?" म्हणून आपण पान उलटतो. मैत्रिणींनो, मला वाटतं पान उलटू नये. त्या खुळात एक प्रश्न आहे आणि तो थेट आपल्या माजघरात येतो. कोणाच्या प्रेमाला आपण प्रेम म्हणायचं, आणि ते ठरवणाऱ्या आपण कोण?

आधी एका घराण्याची गोष्ट सांगते. घराणं कागदावरचं आहे, अमेरिकेतल्या मार्व्हल कॉमिक्सचं. त्यात व्हिजन नावाचा अँड्रॉइड आहे, १९६८ साली जन्माला आलेला. वांडा नावाच्या मायावी शक्तीच्या बाईचं त्याच्यावर प्रेम बसतं. तिचा सख्खा भाऊ पिएत्रो संतापतो. माझी बहीण एका यंत्राबरोबर? तो तिच्याशी संबंधच तोडतो. तरीही १९७५ साली त्या दोघांचं लग्न लागतं. पुढं ते एका साध्या वस्तीत घर घेऊन राहायला जातात, तर शेजारपाजारचे लोक त्यांचं घर जाळतात. भावाचा अबोला आणि शेजाऱ्यांचा जाळ हे काही विज्ञान नाही. जातीबाहेर लग्न केलेल्या कोणत्याही मुलीला विचारा, ती हीच गोष्ट सांगेल. फक्त तिच्यातला नवरा यंत्र नसतो.

वांडाला जुळी मुलं होतात, ती हरवतात, आणि फार फिरून फिरून दुसऱ्या आईबापांच्या पोटी पुन्हा जन्म घेतात. आपल्याला पुनर्जन्माचं नवल नाही, तेव्हा हे समजायला जड जाऊ नये. त्यातला एक बिली. २००५ साली सुरू झालेल्या 'यंग अ‍ॅव्हेंजर्स' या मालिकेत तो येतो आणि त्याचं प्रेम टेडी नावाच्या मुलावर आहे. टेडी परग्रहवासीयांच्या रक्ताचा. म्हणजे मागच्या जन्मीचा बाप यंत्र आणि या जन्मी मुलाचा जोडीदार मुलगा.

या मालिकेत एक प्रसंग आहे. आपल्याला अचाट शक्ती आहेत हे आईवडिलांना सांगायला ही दोन मुलं धीर गोळा करून बसतात. आईवडिलांना वाटतं, पोरं आपल्या प्रेमाबद्दल सांगताहेत. ते शांतपणे म्हणतात की आम्हाला कळलं होतंच, आणि टेडीला घरचा म्हणून जवळ घेतात. मुलांचं खरं सांगायचं राहूनच जातं. वाचणारा हसतो. आणि ज्या वाचणाऱ्या मुलाच्या घरी हे कधी घडणार नाही, तो काय करत असेल? २०२० साली बिली आणि टेडीचं लग्न कॉमिक्समध्ये लागलं.

या दोन लग्नांच्या मध्ये एक नियम उभा होता. १९५४ साली अमेरिकेतल्या कॉमिक्सच्या धंद्यानं स्वतःवरच एक आचारसंहिता घालून घेतली होती. दोन पुरुषांच्या किंवा दोन बायकांच्या प्रेमाचा नुसता सूचक उल्लेखही त्या संहितेत बसत नव्हता. १९८९ साली ती सैल झाली. आता हिशेब करून बघा. १९७५ साली बाईनं यंत्राशी लग्न केलेलं छापता येत होतं, पण माणसानं माणसावर, पुरुषानं पुरुषावर प्रेम केलेलं छापता येत नव्हतं. लोखंड चालत होतं, माणूस चालत नव्हता. मग चित्रकारांनी आणि लेखकांनी काय केलं? जे उघड बोलता येत नाही ते मुखवटा घालून बोलायला सुरुवात केली. यंत्र, परग्रहवासी, अंगात विचित्र शक्ती असलेलं पोर, हे सगळे ते मुखवटे.

त्याच १९५४ सालच्या जूनमध्ये इंग्लंडात अ‍ॅलन ट्युरिंग हा गणिती वारला. आजच्या संगणकाच्या पायाभरणीत ज्यांचं नाव घेतात त्यातला तो मोठा माणूस. यंत्र विचार करू शकेल का, हा प्रश्न त्यानं १९५० साली एका लेखात मांडला. त्यासाठी त्यानं एक खेळ सुचवला. पडद्यामागं कोण आहे ते दिसत नाही, फक्त लेखी उत्तरं येतात. त्या उत्तरांवरून आधी पुरुष कोण आणि बाई कोण ते ओळखायचं. मग त्यातल्या एकाच्या जागी यंत्र बसवायचं आणि फरक कळतो का ते बघायचं. त्याचं म्हणणं साधं होतं. देह बघू नका, बोलणं ऐका, आणि मग ठरवा. यंत्रालासुद्धा इतकी सभ्यता दाखवायला सांगणाऱ्या या माणसावर १९५२ साली खटला झाला. गुन्हा काय, तर एका पुरुषाशी संबंध. तुरुंग नको असेल तर अंगात हार्मोन घाला, अशी शिक्षा त्याला मिळाली. दोन वर्षांनी तो गेला. सरकारी माफी आली २०१३ साली. यंत्राला मन असेल का, हे विचारणाऱ्याला स्वतःचं मन आहे हे कोणी विचारात घेतलं नाही.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, "मग आता यंत्राशी प्रेम करणं बरोबर म्हणायचं का?" नाही, तसं मी म्हणत नाही. यंत्राच्या प्रेमात एक खरी अडचण आहे आणि चांगले कॉमिक्स ती लपवत नाहीत. 'अ‍ॅलेक्स अँड एडा' नावाची एक मालिका २०१३ ते २०१५ मध्ये आली. त्यात एकट्या पडलेल्या नातवाला आजी एक अँड्रॉइड बाई भेट देते. दिसायला सुंदर, बोलायला गोड, म्हणाल तसं वागणारी. काय हवं विचारलं तर तुम्हाला जे हवं तेच मला हवं, असलंच उत्तर. नातू अस्वस्थ होतो. जिला स्वतःची आवड नाही तिच्यावर प्रेम कसं करायचं? शेवटी तो कायदा मोडून तिच्यातलं मन जागं करून घेतो. आता ती नाही म्हणू शकते, निघूनही जाऊ शकते. आणि तिथूनच त्यांचं प्रेम सुरू होतं.

ही आजी मला परकी वाटली नाही हो. नातवासाठी सुंदर, गोड, नाही न म्हणणारी मुलगी शोधणाऱ्या आज्या आपल्या परिचय संमेलनाच्या मांडवात पहिल्या रांगेत बसलेल्या असतात. बायोडाट्यात आपण काय लिहितो? गृहकार्यदक्ष, मनमिळाऊ, घरात मिसळून जाणारी. मुलीला स्वतःला काय हवं, त्यासाठी त्या कागदावर रकाना नसतो. प्रेमाची पहिली अट समोरच्याला नाही म्हणता येणं ही आहे, हे त्या कॉमिक्समधल्या पोराला कळलं. आपल्याला कळायला अजून वेळ लागतो आहे.

आता आपल्या घरातल्या शास्त्राकडे येऊ. यंत्रात जीव आहे का? आपल्याकडं उत्तर सरळ आहे. जीवाचं लक्षण चेतना, जाणणं आणि बघणं. जिथं ते नाही तो अजीव, कितीही गोड बोलला तरी. तेव्हा कॉमिक्समधल्या व्हिजनला जीव म्हणायचं की नाही, यावर महाराजसाहेब एका वाक्यात निकाल देतील. पण त्या यंत्राच्या मुखवट्यामागं जो उभा आहे, पुरुषावर प्रेम करणारा पुरुष, बाईवर प्रेम करणारी बाई, तो तर पंचेंद्रिय मनुष्य जीव आहे. तिथं शंकेला जागाच नाही. आपण पाणी गाळून पितो, कारण त्यात डोळ्याला न दिसणारे जीव असतील. जिथं दिसत नाही तिथं इतकी काळजी, आणि जो समोर ताटावर बसून मान खाली घालून जेवतो आहे, त्याला रोज एक टोमणा. कुठलं गाळणं वापरतो आपण त्याच्यासाठी?

मल्लिनाथ भगवंतांची कथा श्वेतांबर आगमात, ज्ञाताधर्मकथेत आहे. दिगंबर बहिणी मल्लिनाथांना पुरुषच मानतात, तो वाद इथं नको. मिथिलेच्या राजकन्या मल्लीच्या रूपावर सहा राजे भाळले आणि नगरीला वेढा घालून बसले. तिनं आधीच आपल्यासारखी हुबेहूब सोन्याची पोकळ मूर्ती करून ठेवली होती आणि रोज आपल्या जेवणातला एक घास तिच्यात टाकत होती. राजे मूर्तीलाच मल्ली समजून बघत राहिले. मग तिनं झाकण काढलं. दुर्गंधीनं सगळ्यांनी नाक दाबलं. या देहातही हेच आहे, मग मोह कशाचा, असं तिनं विचारलं.

आपण ही कथा इथं थांबवतो. पण कथेचा उरलेला भाग माझ्या मनातून जात नाही. मल्ली त्यांना मागचा जन्म आठवून देते. मागच्या जन्मी ती महाबल नावाचा राजा होती आणि हे सहाही जण त्याचे जिवलग मित्र. सातही पुरुष. सर्वांनी मिळून दीक्षा घेतली, सारखी तपश्चर्या करायची असं ठरवलं. त्या सातांत जी होती ती मैत्री, आगमात त्याहून जास्त काही म्हटलेलं नाही आणि मीही म्हणत नाही. पण तोच जीव एका जन्मी पुरुष, दुसऱ्या जन्मी स्त्री. त्यांचीच ओढ एका जन्मी मैत्री, दुसऱ्या जन्मी प्रेम. देह बदलला तशी ओढीची नावं बदलली. आत्म्याला लिंग नाही, हे आपण व्याख्यानात मान डोलावून ऐकतो. उठल्यावर ते कुठं जातं?

आणि महाबलाची चूक काय होती? त्यानं मित्रांपासून लपवून जास्त उपवास केले. दोष प्रेमाचा नव्हता, तपाचाही नव्हता. दोष कपटाचा होता. त्या कपटाचं फळ म्हणून बाईचा जन्म, हे वाचताना मला अजूनही टोचतं, ते वेगळं. पण शास्त्रानं बोट ठेवलं ते लपवण्यावर, एवढं मात्र खरं.

आपल्या कर्मग्रंथांत आणखी एक बारीक गोष्ट आहे. शरीर कोणतं मिळालं ते नामकर्मामुळं, आणि मनात ओढ कोणाची हे मोहनीय कर्मामुळं. एक द्रव्यवेद, दुसरा भाववेद. आचार्य नेमिचंद्रांच्या गोम्मटसारात हे दोन्ही बहुतेक जुळतात, पण क्वचित जुळतही नाहीत, असं स्पष्ट मानलं आहे. हजार वर्षांपूर्वीचा हा विचार आहे. आता प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगते. शास्त्र या कोणत्याच वासनेचं कौतुक करत नाही. तिन्ही वेदांना आगीच्या उपमा आहेत, आणि नपुंसकवेदाला सगळ्यात मोठी आग म्हटलं आहे. तो शब्द आजच्या 'समलिंगी' शब्दाशी जसाच्या तसा जुळतही नाही. पण पुरुषाची बाईसाठीची ओढ हीसुद्धा आगच आहे, हे आपण सोयीनं विसरतो. त्या आगीला आपण मंडप घालतो, बँड लावतो, आहेर करतो. गृहस्थाकडून धर्मानं मागितलं ते एकाशी निष्ठा, संयम आणि खरेपणा. राग बांधतो तर सगळ्यांनाच बांधतो. मग एकाच घरातल्या एका पोराला पापी आणि दुसऱ्याला वंशाचा दिवा कोणत्या हिशेबानं म्हणायचं?

वंशाचा विषय निघालाच तर तेही बोलून टाकू. एकुलता एक मुलगा दीक्षा घेतो म्हणाला तर आई रडते, पण समाज वरघोडा काढतो. वंश थांबला म्हणून कोणी त्या आईला टोमणा मारत नाही. म्हणजे लग्न न करता, मूल न होता जगलेलं आयुष्य आपल्याकडं कमी प्रतीचं नाही. सगळ्यात मान त्यालाच आहे. तेव्हा अडचण वंशाची नाही. अडचण लोक काय म्हणतील याची आहे.

हे परदेशी फॅड आहे असंही म्हणतात. विजय तेंडुलकरांनी 'मित्राची गोष्ट' हे नाटक १९८१ साली लिहिलं, एका बाईच्या बाईवरच्या प्रेमाचं. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' ही कादंबरी २००६ ची, भाऊ आणि बहीण एकाच तरुणावर जीव लावतात त्याची. परदेशी होता तो कायदा, इंग्रजांच्या दंड संहितेतलं कलम ३७७. सुप्रीम कोर्टानं ६ सप्टेंबर २०१८ रोजी सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांवरून ते उचललं. लग्नाचा हक्क मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात मिळाला नाही. म्हणजे आज आपल्या देशात असा मुलगा गुन्हेगार नाही आणि नवराही होऊ शकत नाही. अशा अर्ध्या उजेडात आहे तो. बाकीचा उजेड घरातून मिळणार की नाही, एवढंच उरतं.

आणि घरातून काय मिळतं? "एकदा लग्न झालं की सुधारेल." या वाक्यात आणखी एक बाई आहे, तिचा विचार कोणी करत नाही. गोंदियाची, नागपूरची, जबलपूरची कुणाची तरी मुलगी. नवरा वाईट नाही. मारत नाही, पीत नाही, दागिने अंगावर घालतो. जवळ येत नाही. चार वर्षं होतात. सासू म्हणते, डॉक्टरला दाखव. ती स्वतःलाच दाखवून येते. औषधं तिच, उपवास तिचे, दोष तिचा. माहेरी सांगावं तर काय सांगणार? आणि ज्या घराला सगळं आधीपासून माहीत होतं, ते घर रोज सामायिक करतं, रात्री जेवत नाही, कंदमूळ खात नाही. मैत्रिणींनो, यात असत्य किती झालं आणि हिंसा किती झाली, मोजता येईल का? एका जीवाला त्याच्या मनाविरुद्ध बांधलं, दुसऱ्या जीवाला न सांगता. ती मुलगी तर त्या आजीनं विकत आणलेल्या अँड्रॉइडसारखीच झाली. घरात आणून बसवलेली, नाही म्हणण्याची सोय काढून टाकलेली.

म्हणून मला हे कॉमिक्स वाईट वाटत नाहीत. कागदावरच्या यंत्राला रडताना बघून पोरांचं मन हलतं. मन हलणं ही लहान गोष्ट नाही, दया तिथूनच सुरू होते. पण कागदावरच्या यंत्राबद्दल हळहळणं स्वस्त आहे. ते आपल्याकडून काही मागत नाही. घरातलं पोर मागतं. ते आपली समाजातली इज्जत, आपली ठरवलेली सून, आपलं नातवंड मागतं. तिथं आपला हात आखडतो.

काय करावं, हे मोठ्या सभेत ठरायचं नाही. मुलगा तिशीला आला, दर स्थळाला काहीतरी खोट काढतो आहे, तर त्याला एकट्याला बसवून विचारावं. विचारताना आवाजात धमकी नको आणि डोळ्यांत पाणी तर त्याहून नको, कारण आईच्या डोळ्यांतल्या पाण्यापुढं पोरं खोटं बोलतात. त्यानं सांगितलं तर लगेच उत्तर देऊ नये. बापाला कधी सांगायचं ते त्याला ठरवू द्यावं. आणि काहीही झालं तरी दुसऱ्याच्या मुलीला त्या घरात अंधारात आणू नये. एवढं पहिलं पाऊल. मनातून पटायला वर्षं लागतील, लागू देत.

प्रतिक्रमणात आपण चौऱ्याऐंशी लाख जीवयोनींची क्षमा मागतो. पृथ्वीकायापासून सुरुवात करून पाणी, अग्नी, वारा, वनस्पती अशी एकेक संख्या म्हणत येतो. शेवटी येतात चौदा लाख मनुष्ययोनी. तोवर थकून आपला आवाज खाली गेलेला असतो आणि डोळे घड्याळाकडे लागलेले असतात. या पर्युषणात तिथं जरा थांबून म्हणा. पलीकडच्या खोलीत दार लावून बसलेला तुमचा मुलगा त्याच संख्येत आहे, आणि त्याच्यासाठी ज्या मुलीचा फोटो तुम्ही मागवला आहे, तीही.